पायाशी असलेला आकडा

रासायनिक समीकरण संतुलित करण्याचे पहिले उदाहरण बहुतेकांना एकच शिकवले जाते: हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून पाणी तयार होते. नववीच्या चाचणी परीक्षेत मलाही तेच आले होते. डावीकडे हायड्रोजनचा रेणू, म्हणजे एच-टू, आणि ऑक्सिजनचा रेणू, म्हणजे ओ-टू; उजवीकडे पाणी, एच-टू-ओ. मी दोन्ही बाजूंचे अणू मोजले. हायड्रोजन इकडे दोन, तिकडे दोन, म्हणजे जुळला. ऑक्सिजन मात्र डावीकडे दोन आणि उजवीकडे एकच होता. तेव्हा उजवीकडच्या ओ या अक्षराच्या पायाशी मी एक छोटा २ लिहिला, पुन्हा मोजले, सगळे जुळल्याची खात्री केली आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलो. पेपर हाती आला तेव्हा त्या समीकरणावर लाल शाईची फुली होती. विज्ञानाच्या सरांना विचारले, तर ते म्हणाले, "पायाचा आकडा बदलायचा नसतो, आकडा नेहमी पुढे लिहायचा." का, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, "नियम आहे."

नियम मी पाळला आणि पुढे गुणही मिळवले, पण माझी मोजणी चुकली नव्हती हा सल मनात राहिला. दोन्ही बाजूंचे अणू समान असायला हवेत एवढीच अट असेल, तर ती मी पूर्ण केली होती. मग फुली कशासाठी?

त्याचे उत्तर मला शाळेत नव्हे, गावातल्या दवाखान्यात मिळाले. दहावीच्या वर्षी नव्याने खडी टाकलेल्या रस्त्यावर मी सायकलवरून पडलो आणि गुडघा चांगलाच सोलवटला. कंपाउंडरने एका तपकिरी बाटलीतले पाण्यासारखे द्रव कापसावर घेऊन जखमेवर टेकवले. क्षणात तिथे पांढरा फेस उसळला, जखमेत रुतलेले मातीचे कण त्या फेसाबरोबर वर आले आणि त्याने ते दुसऱ्या बोळ्याने टिपून घेतले. मी कण्हत बाटलीकडे पाहिले. तिच्या चिठ्ठीवर नावाखाली सूत्र छापले होते: एच-टू ओ-टू. नववीच्या पेपरात मी पाण्याच्या जागी लिहिलेली तीच अक्षरे, ओ च्या पायाशी तोच दोन. तांब्यातले पाणी गुडघ्यावर ओतले असते तर फेस आला नसता. मी पेपरात पाणी लिहिलेच नव्हते, हायड्रोजन पेरॉक्साइड लिहिले होते. हिशोब जुळवण्याच्या नादात मी पदार्थच बदलून टाकला होता. फुली का होती हे त्या दिवशी कळले आणि गुडघा झोंबत असतानाही मला मनापासून बरे वाटले.

आता मी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत, हंगाम सुरू व्हायला अजून थोडे दिवस असताना, दहावीतली माझी भाची वही घेऊन आली. अभिक्रियाकारक डावीकडे, उत्पादिते उजवीकडे, बाणाची दिशा, सहगुणक म्हणजे सूत्राच्या पुढे लिहायचा आकडा, पायाचा आकडा बदलायचा नाही, हे सगळे तिला पाठ होते. तरीही समीकरण सुटत नव्हते. ती एक आकडा घाली, त्यामुळे दुसरे मूलद्रव्य बिघडे, ते दुरुस्त करायला गेली की पहिले बिघडे. वहीच्या त्या पानावर रबर इतक्या वेळा फिरले होते की कागद विरून गेला होता. पान पाहताक्षणी मला जाणवले की तिला आणखी एका नियमाची गरज नाही. त्या अक्षरांमागचे पदार्थ हाताला लागण्याची गरज आहे.

ताईच्या स्वयंपाकघरातून आम्ही एक परात आणि तीन वाट्या आणल्या. एका वाटीत चिंचोके, ते ऑक्सिजनचे अणू. दुसरीत साबुदाणा, तो हायड्रोजन. तिसरीत हरभरे, ते कार्बन. सुरुवात पाण्यापासूनच केली. एक चिंचोका आणि दोन साबुदाणे एकत्र ठेवले की पाण्याचा एक रेणू. ऑक्सिजन वाटीतून घ्यायचा तो नेहमी जोडीनेच, कारण हवेतला ऑक्सिजन जोडीनेच वावरतो; साबुदाणेही जोडीनेच. परातीत तिने चिंचोक्यांची एक जोडी आणि साबुदाण्याची एक जोडी ठेवली, त्यातून पाण्याचा एक रेणू केला, आणि एक चिंचोका उरला. "हा आता यालाच चिकटवला तर?" असे म्हणत तिने उरलेला चिंचोका पाण्याच्या रेणूला लावला. मी तिला गुडघ्याची आणि तपकिरी बाटलीची गोष्ट सांगितली. तिने चिंचोका परत बाजूला घेतला, थोडा विचार केला आणि वाटीतून साबुदाण्याची आणखी एक जोडी उचलली. परातीत पाण्याचे दोन रेणू झाले आणि काहीच उरले नाही. दोन, एक, दोन हे सहगुणक तिने त्यानंतर वहीत लिहिले. आधी परात, मग वही, हा क्रम आम्ही त्या आठवड्यात सोडला नाही.

मग तिने विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटला. ती म्हणाली, "मामा, पुढचा आकडा आपण ठरवतो हे कळले. पण पायाचा दोन कुणी ठरवला?"

तो कुणी ठरवला नाही, तो शोधून काढावा लागला आणि त्याला अर्धे शतक लागले. जॉन डाल्टनने १८०८ मध्ये आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला तेव्हा पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो असे त्याने धरले होते, कारण सर्वांत साधी रचना तीच. त्याच सुमारास गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञाने वायूंची आकारमाने मोजली आणि त्याला आढळले की हायड्रोजनची दोन आकारमाने ऑक्सिजनच्या एका आकारमानाशी संयोग पावतात आणि वाफेची दोन आकारमाने मिळतात. सारख्या मापात कणही सारखेच असतात असे धरले, आणि ऑक्सिजनच्या एका मापातून वाफेची दोन मापे निघायची, तर ऑक्सिजनच्या प्रत्येक कणाचे दोन भाग व्हायला हवेत. आणि तो कण म्हणजे अविभाज्य अणू असेल, तर हे शक्य नाही. १८११ मध्ये अ‍ॅव्होगाड्रोने ही गाठ सोडवली. वायूचा कण हा एकटा अणू नसून अणूंची जोडी असू शकते, असे त्याने सुचवले. तरीही रसायनशास्त्रज्ञांना हे पटायला बराच काळ गेला, आणि १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुह येथे भरलेल्या परिषदेत कॅनिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने हा विचार नेटाने मांडल्यानंतर कुठे अणुभारांचा आणि सूत्रांचा गोंधळ मिटू लागला. परातीत चिंचोके जोडीने ठेवायचे, ही आमची साधी अट मुळात एवढ्या वादातून आलेली आहे. अर्ध्या शतकाच्या मोजमापातून हाती आलेला आकडा रबराने खोडून आपल्या सोयीने लिहायचा नसतो, हे तिला सांगताना "नियम आहे" असे म्हणायची वेळ माझ्यावर आली नाही, याचे मला समाधान आहे.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाचा गॅस घेतला. सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. आम्ही ब्युटेन निवडला. चार हरभरे आणि दहा साबुदाणे मिळून ब्युटेनचा एक रेणू. जळताना कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचे पाणी. इथे कोणत्या मूलद्रव्यापासून सुरुवात करायची, हा खरा प्रश्न असतो आणि तिचे रबर इथेच झिजत होते. जे मूलद्रव्य डावीकडे एकाच पदार्थात आणि उजवीकडेही एकाच पदार्थात आहे ते आधी घ्यावे. जे एकटेच, स्वतःच्याच रेणूच्या रूपात उभे आहे ते शेवटी घ्यावे, कारण त्याचा सहगुणक बदलला तरी दुसरे कोणतेही मूलद्रव्य हलत नाही. म्हणून आधी कार्बन: चार हरभरे, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे चार रेणू. मग हायड्रोजन: दहा साबुदाणे, म्हणजे पाण्याचे पाच रेणू. आता लागणारे चिंचोके मोजायचे. कार्बन डायऑक्साइडसाठी आठ, पाण्यासाठी पाच, एकूण तेरा.

चिंचोके जोडीनेच घ्यायचे असल्यामुळे तिने सहा जोड्या मांडल्या आणि तेराव्याला जोडीदार मिळेना. पाण्याचा शेवटचा रेणू परातीत दोन साबुदाण्यांसह अर्धाच पडून होता. वहीत ती साडेसहा लिहायला निघाली होती. गणिताच्या दृष्टीने साडेसहा लिहिणे चूक नाही, आणि अनेकदा वाटेतला टप्पा म्हणून अपूर्णांक लिहिणेच सोपे जाते. पण परातीत अर्धी जोडी ठेवता येत नव्हती. "सातवी जोडी घेतली तर एक चिंचोका उरतो," ती म्हणाली. "मग अजून एक ब्युटेन बनवू का?" पुन्हा चार हरभरे, पुन्हा दहा साबुदाणे. या वेळी सव्वीस चिंचोके लागले, तेरा पूर्ण जोड्या. ब्युटेनचे २ रेणू, ऑक्सिजनचे १३, कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १०. संपूर्ण समीकरणाला दोनने गुणण्याची युक्ती पुस्तकात एका ओळीत दिलेली असते. ती का करायची, हे तिला एकट्या राहिलेल्या चिंचोक्याने दाखवले.

हे चार आकडे केवळ वहीपुरते नसतात. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. तो सगळा ब्युटेन आहे असे धरले, तर ब्युटेनचा रेणुभार ५८, ऑक्सिजनचा ३२, कार्बन डायऑक्साइडचा ४४ आणि पाण्याचा १८ घेऊन हिशोब मांडता येतो. आम्ही तो मांडला. एक सिलिंडर जळून संपेपर्यंत स्वयंपाकघरातल्या हवेतून सुमारे ५०.९ किलो ऑक्सिजन खर्च होतो, आणि त्यातून सुमारे ४३.१ किलो कार्बन डायऑक्साइड व २२ किलो पाणी तयार होते. डावीकडे १४.२ आणि ५०.९ मिळून ६५.१ किलो, उजवीकडे ४३.१ आणि २२ मिळून तेवढेच. ताई भाकऱ्या थापता थापता ऐकत होती. सिलिंडर उचलताना जेवढा गॅस हाताला जड लागतो, त्याच्या तिप्पट वजनाचा वायू त्यातून निघतो, यावर तिचा आधी विश्वास बसेना. पण वाढलेले सगळे वजन हवेतून आलेले आहे, हे आकडेच सांगत होते. स्वयंपाकघराची खिडकी उघडी का ठेवायची, हे तिला मी वेगळे सांगण्याची गरज पडली नाही.

हवेचेही वजन हिशोबात धरायचे, ही जाण रसायनशास्त्राला आली ती प्रामुख्याने अँत्वान लाव्हाझिए याच्यामुळे. १७७४ मध्ये त्याने कथील बंद पात्रात तापवले. धातूवर राखेसारखा थर आला, तरी पात्राचे एकूण वजन बदलले नाही. पात्र उघडल्यावर मात्र हवा आत शिरली आणि वजन वाढले. पात्र आधीच उघडे ठेवून तापवले असते तर कथील आपोआप जड झाले असे वाटले असते. बंद पात्र आणि उत्तम तराजू ही त्याची खरी साधने होती. १७८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने किण्वनाचा, म्हणजे आंबण्याचा, विचार करताना जे लिहिले, त्याचा आशय असा की आंबवायला घेतलेले पदार्थ आणि आंबल्यानंतर मिळालेले पदार्थ यांच्याकडे बीजगणितातल्या समीकरणाच्या दोन बाजू म्हणून पाहता येते: एका बाजूला द्राक्षांचा रस, दुसऱ्या बाजूला कार्बॉनिक आम्ल (कार्बन डायऑक्साइडचे तेव्हाचे नाव) आणि अल्कोहोल. अक्षरी चिन्हे तेव्हा नव्हती. ती बर्झेलियसने १८१३-१४ च्या सुमारास रूढ करायला सुरुवात केली. म्हणजे चिन्हे येण्याआधी समीकरणाची कल्पना आली, आणि ती वजनाच्या काट्यावरून आली. या माणसाला फ्रान्सच्या राज्यक्रांतीत, कर वसूल करणाऱ्या संस्थेचा भागीदार म्हणून, ८ मे १७९४ रोजी गिलोटिनखाली मारण्यात आले, हे वाचताना मला अजूनही वाईट वाटते.

किण्वनाचे तेच समीकरण आज आमच्या कारखान्याच्या आसवनीत, म्हणजे अल्कोहोल तयार करणाऱ्या विभागात, रोज घडते. उसाच्या साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. मळीतली साखर यीस्टच्या साहाय्याने आंबते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. भाचीने हे संतुलित करायला घेतले आणि ती अडली, कारण साखरेतले बारा कार्बन अल्कोहोलचे चार आणि कार्बन डायऑक्साइडचे चार रेणू असे वाटले, तर हायड्रोजन दोनने आणि ऑक्सिजन एकने कमी पडत होता. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. तिने परातीकडे पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे इथे पाण्याचा एक रेणू कमी आहे." तो खरोखरच कमी होता, मी मुद्दाम सांगितला नव्हता. साखरेचा रेणू आधी पाण्याच्या एका रेणूसह दुभंगतो, त्यातून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळतात आणि मग ते आंबतात. तेव्हा साखर एक, पाणी एक; उजवीकडे अल्कोहोल चार आणि कार्बन डायऑक्साइड चार. वजनात सांगायचे तर ३४२ किलो साखर आणि १८ किलो पाणी यांच्यापासून जास्तीत जास्त १८४ किलो अल्कोहोल आणि १७६ किलो कार्बन डायऑक्साइड मिळू शकतो. प्रत्यक्षात अल्कोहोल त्याहून कमी मिळते, कारण यीस्ट काही साखर स्वतःच्या वाढीसाठी वापरते आणि इतर पदार्थही थोडे तयार होतात. पण किती कमी मिळाले हे सांगायलाही आधी किती मिळायला हवे होते हे माहीत असावे लागते, आणि ते संतुलित समीकरणाशिवाय कळत नाही.

कारखान्यात आमचा सगळा दिवस अशाच ताळेबंदात जातो. ऊस आणि त्यावर सोडलेले पाणी एका बाजूला, मिश्र रस आणि बगॅस, म्हणजे उसाचा उरलेला चोथा, दुसऱ्या बाजूला. या दोन बाजू जुळल्या नाहीत तर कुठेतरी वजन चुकले आहे किंवा कुठेतरी गळती आहे. रस शुद्ध करताना चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, वापरतात. कळीच्या चुन्याच्या ५६ भागांत पाण्याचे १८ भाग मिसळले की विरलेल्या चुन्याचे ७४ भाग होतात. त्या ७४ भागांशी सल्फर डायऑक्साइडचे ६४ भाग संयोग पावले की कॅल्शियम सल्फाइटचे १२० भाग आणि पाण्याचे १८ भाग मिळतात. या दोन्ही समीकरणांत सगळे सहगुणक एकच आहेत, म्हणून परीक्षेत ती कुणी विचारत नाही. मला मात्र ती फार आवडतात. चुना विरताना पिंपातून निघणारी वाफ आणि चेहऱ्याला लागणारी धग ज्याने अनुभवली आहे, त्याला ५६ अधिक १८ बरोबर ७४ ही नुसती बेरीज वाटत नाही.

सुटीच्या शेवटी आम्ही तांबे आणि विरल नायट्रिक आम्ल यांच्या अभिक्रियेपाशी आलो. कॉपर नायट्रेट, नायट्रिक ऑक्साइड आणि पाणी अशी तिची उत्पादिते. इथे परात अपुरी पडते, कारण डावीकडचा नायट्रोजन उजवीकडे दोन पदार्थांत वाटला जातो, आणि ऑक्सिजन तर तिन्ही पदार्थांत. तिला बीजगणित चांगले येते, म्हणून आम्ही तांब्याला अ, नायट्रिक आम्लाला ब, कॉपर नायट्रेटला क, नायट्रिक ऑक्साइडला ड आणि पाण्याला ई अशी अक्षरे दिली. तांब्यावरून अ = क. हायड्रोजनवरून ब = २ई. नायट्रोजनवरून ब = २क + ड. ऑक्सिजनवरून ३ब = ६क + ड + ई. पाच अज्ञात संख्या आणि चार समीकरणे. म्हणजे नेमक्या संख्या नव्हे, पण त्यांचे परस्परांशी प्रमाण निश्चित होते. क ला १ धरले तर ई येतो चार तृतीयांश, ब आठ तृतीयांश आणि ड दोन तृतीयांश; सगळ्यांना तीनने गुणले की ३, ८, ३, २, ४. तिने ऑक्सिजन ताडून पाहिला: डावीकडे २४, उजवीकडे १८, २ आणि ४ मिळून २४. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या रबराला हरवणारे समीकरण तिने एका पानावर, एकही खाडाखोड न करता सोडवले होते.

तिच्या आनंदात मी एक सावधगिरी घातली, कारण ती न सांगणे मला योग्य वाटले नाही. तांबे आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन कॉपर क्लोराइड आणि हायड्रोजन असे समीकरण लिहिले, तर तेही आम्लापुढे २ घालून अगदी सहज संतुलित होते. पण तांब्याची पट्टी त्या आम्लात टाकली तर हायड्रोजनचा एक बुडबुडाही येत नाही, कारण तांबे आम्लातून हायड्रोजनला हुसकावू शकत नाही. संतुलन हे अभिक्रिया घडते याचा पुरावा नसते. अभिक्रिया घडते हे आधी परीक्षानळीत पाहायचे, काय तयार झाले ते ओळखायचे, त्यांची सूत्रे अचूक लिहायची आणि मगच आकड्यांना हात लावायचा.

त्यावर तिने विचारले की निदान घडणाऱ्या अभिक्रियेचे संतुलन तरी एकाच प्रकारे होते ना? बहुतेक वेळा होय, पण नेहमी नाही. आणि इथे माझी जुनी तपकिरी बाटली पुन्हा आली. पोटॅशियम परमँगनेट, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या अभिक्रियेतून पोटॅशियम सल्फेट, मँगनीज सल्फेट, पाणी आणि ऑक्सिजन मिळतात. पुस्तकातले सहगुणक डावीकडे २, ५, ३ आणि उजवीकडे १, २, ८, ५ असे आहेत. पण डावीकडे २, ७, ३ आणि उजवीकडे १, २, १०, ६ असे लिहिले तरी प्रत्येक मूलद्रव्य जुळते. तिने दोन्ही बाजूंचा ऑक्सिजन मोजला, दोनदा मोजला. तो ३४ आणि ३४ आला. सात अज्ञात संख्या आणि पाचच मूलद्रव्ये असल्यामुळे बीजगणित इथे एकच प्रमाण ठरवू शकत नाही, अशी अनंत उत्तरे निघतात. दोन उत्तरांतला फरक पाहिला तर पेरॉक्साइडचे दोन रेणू, पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक असा निघतो. म्हणजे दुसऱ्या समीकरणात पेरॉक्साइडचे स्वतःहून होणारे विघटन मिसळले गेले आहे. माझ्या गुडघ्यावरचा फेस त्याच विघटनातला ऑक्सिजन होता. रक्तातले एक विकर ते विघटन झपाट्याने घडवते.

मग खरे प्रमाण कोणते, हे इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीवरून काढता येते. मँगनीजचा प्रत्येक अणू पाच इलेक्ट्रॉन घेतो आणि पेरॉक्साइडचा प्रत्येक रेणू दोन देतो, म्हणून दोनाला पाच. पण तिने आणखी पुढचे विचारले: इलेक्ट्रॉन कुणी मोजले? तेव्हा मी तिला महाविद्यालयातली माझी प्रयोगवही दाखवली. पेरॉक्साइडचे ०.०५ मोलर (दर लिटरमध्ये ०.०५ मोल, मोल म्हणजे रेणू मोजायचे ठरावीक माप) द्रावण शंकुपात्रात २० मिलिलिटर घेतले होते, त्यात विरल सल्फ्युरिक आम्ल घातले होते आणि ब्युरेटमध्ये, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या तोटीच्या नळीत, परमँगनेटचे ०.०२ मोलर द्रावण होते. दोनाला सात हे प्रमाण खरे असते, तर साधारण १४.३ मिलिलिटर पडल्यावर पेरॉक्साइड संपून गुलाबी रंग टिकायला हवा होता. १४.३ गेले, १५ गेले, १८ गेले. प्रत्येक थेंबाचा जांभळा रंग पात्र हलवताच नाहीसा होत होता. २० च्या खुणेनंतरच्या एका थेंबाने पात्रातले सगळे द्रावण फिकट गुलाबी झाले, आणि ते तसेच राहिले.